कोणाकडून हरावे?

त्या कागदाची घडी मला अजून आठवते. १७ मार्च २०२४ चा रविवार, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. इंडियानापोलिसमधल्या आमच्या शेजारच्या घराच्या तळघरात आम्ही सातआठ जण दूरदर्शनसमोर बसलो होतो. कोपऱ्यातल्या भांड्यात राजम्याची चिली मंद आचेवर रटरटत होती आणि जिऱ्याचा वास नाकात शिरला की मला दर वेळी घरच्या आमटीची आठवण होऊन चुकल्यासारखे वाटत होते. घराचे मालक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. अंगात निळा, धुऊन धुऊन अक्षरे उडालेला स्वेटशर्ट, मांडीवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेचा कोरा तक्ता. निवेदक स्पर्धेत निवड झालेल्या संघांची एकेका विभागातली नावे पुकारत होता आणि ते टोक केलेल्या पेन्सिलीने ती रकान्यांत भरत होते. अडुसष्ट नावे संपली. त्यांत इंडियाना स्टेट विद्यापीठाचे नाव नव्हते. अठ्ठावीस सामने जिंकून सहाच हरलेला, आपल्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपापसांत खेळणाऱ्या संघांच्या गटाच्या, साखळीत पहिला आलेला संघ. गृहस्थांनी काहीच म्हटले नाही. कागदाची चौपदरी घडी घातली, नखाने दाबून कडा पक्की केली, ती खिशात ठेवली आणि चिलीचे बटण बंद करायला ते उठले. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून मला म्हणाले, “तू आकड्यांतला माणूस आहेस. मला एवढंच सांग, आमच्या पोरांनी हरायला कोणाकडे जायला हवं होतं?”

मला उत्तर देता आले नाही. खरे तर मी त्यांच्या नजरेला नजरही दिली नाही, कारण आदल्या आठवड्यात मीच कुंपणाशी उभा राहून त्यांना छातीठोकपणे सांगितले होते की संघ आत जाणार. नेट नावाची जी क्रमवारी निवड समिती २०१८-१९ च्या हंगामापासून समोर ठेवते, तिच्यात इंडियाना स्टेट पहिल्या तिसांत होता. जागा अडुसष्ट. यात हिशेब कसला करायचा, असे मला वाटले होते. माझ्या पोटापाण्याचा धंदाच आकडेमोडीचा असल्यामुळे माझ्या अशा बोलण्याला शेजारीपाजारी जरा जास्तच वजन देतात.

त्या संघाशी माझे नाते तसे उपऱ्याचेच. शिकायला म्हणून मी त्या विद्यापीठाच्या गावी, टेरे होटला आलो, तेव्हा बास्केटबॉलमधले मला ओ की ठो कळत नव्हते. हिवाळ्यातल्या संध्याकाळी खोलीत बसून घरची आठवण काढण्यापेक्षा हलमन सेंटर या तिथल्या क्रीडागृहात ऊब असते आणि तिथे माणसे दिसतात, एवढ्या भांडवलावर मी सामन्यांना जाऊ लागलो. अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या असायच्या. चेंडू लाकडावर आपटल्याचा आवाज त्यामुळे छतापर्यंत जाऊन परत यायचा आणि बुटांचे करकरणे शेवटच्या रांगेतही ऐकू यायचे. मक्याच्या लाह्या, ओल्या लोकरीच्या टोप्या, फरशी पुसायच्या औषधाचा वास. तिथे कोणीही दहा मिनिटे बोलला की संघाचा जुना नामांकित खेळाडू लॅरी बर्ड याचे नाव निघायचे. १९७९ साली हाच संघ एकही सामना न हरता अंतिम फेरीपर्यंत गेला होता आणि मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ७५-६४ असा हरला होता. तेहतीस विजय आणि एक पराभव. माझे शेजारी तेव्हा तिथे विद्यार्थी होते. तो एक पराभव ते अजूनही घरातल्या मृत्यूसारखा सांगतात. तारीख, वार, हवा, सगळे.

जेवणानंतर मी त्यांना तक्त्याच्याच मागच्या बाजूला काही वर्तुळे काढून दाखवली. सांत्वन म्हणून नव्हे. आपण कुठे चुकलो हे मलाच समजून घ्यायचे होते म्हणून. कॉन्फरन्सच्या आत खेळल्या गेलेल्या प्रत्येक सामन्यात कोणीतरी एक जिंकतो आणि कोणीतरी एक हरतो, त्यामुळे त्या गटाची एकूण पुंजी आतल्या सामन्यांनी ना वाढते ना घटते. इंडियाना स्टेटच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मिझुरी व्हॅलीत, बारा संघ, प्रत्येकाचे आपापसांत वीस सामने. म्हणजे एकशेवीस विजय आणि एकशेवीसच पराभव. गावच्या हौदासारखे आहे हे. नोव्हेंबर-डिसेंबरात बाहेरच्या संघांशी जे सामने होतात, तेव्हा हौदात जेवढे पाणी येईल तेवढे. जानेवारीपासून मार्चपर्यंत फक्त कळशा भरण्यावरून भांडण. मग मोठ्या कॉन्फरन्सचा फायदा नेमका कुठे? तो हौदाच्या आकारात नाही, हौदावर उभे राहिल्यानंतर मिळणाऱ्या पाळ्यांत आहे. समिती सामन्यांचे चार वर्ग करते. पहिल्या वर्गात म्हणजे क्वाड वनमध्ये यायचे तर स्वतःच्या मैदानावर पहिल्या तिसांतला, तटस्थ मैदानावर पहिल्या पन्नासांतला किंवा परक्या मैदानावर पहिल्या पंच्याहत्तरांतला प्रतिस्पर्धी लागतो. सोळा-अठरा संघांच्या कॉन्फरन्समध्ये असे दहाबारा जण बसले असले, तर जानेवारीनंतर दर आठवड्याला दारात क्वाड वन येऊन उभा राहतो. जिंकलात तर मोठी कमाई. हरलात तर समितीच्या खोलीत त्या पराभवाला चांगला पराभव म्हणतात.

व्हॅलीतल्या संघाला चांगला पराभव कोणाकडून मिळणार? इंडियाना स्टेटने त्या हंगामात दोन मोठ्या घरांची दारे ठोठावली होती. नोव्हेंबरात अलाबामाने त्यांना १०२-८० असे हरवले, वर्ष संपता संपता मिशिगन स्टेटने ८७-७५ असे. म्हणजे हरायला ते गेले होते, पण दोनदाच. तिसऱ्यांदा कोण बोलावतो? पुढेमागे नाक कापले जाण्याची शक्यता असलेल्या लहान संघाशी खेळून मोठ्या संघाच्या पदरात काही पडत नाही. जिंकला तर कोणी विचारत नाही, हरला तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते. म्हणून मोठ्या संघांचे प्रशिक्षक एक तर अगदीच लिंबूटिंबू संघाला पैसे देऊन आपल्या घरी खेळायला आणतात किंवा बरोबरीच्या घराण्याशी सोयरीक जुळवतात. मधला अडकतो. आपल्याकडे मधल्या आळीतल्या मुलीच्या लग्नाविषयी हेच बोलले जायचे.

आमंत्रणाचा विषय निघाला की मला गावाकडची पंगत आठवते. आमच्याकडे लग्नाचे बोलावणे दोन प्रकारचे असे. एक घरटी एक, दुसरे चूलबंद. घरटी एक म्हणजे मोठ्या वाड्यातूनही एकच माणूस पानावर बसणार आणि दोन खणांच्या घरातूनही एकच. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घराची चूल पेटायची नाही, सगळे जेवायला. ही स्पर्धा १९७४ पर्यंत घरटी एक या न्यायानेच चालली होती. कॉन्फरन्सचा विजेता तेवढा आत. त्या वर्षी ग्रीन्सबरोला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. मेरिलँड देशात चौथ्या क्रमांकावर मानला जाणारा संघ, आणि तो घरी बसला. जिंकलेला संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. तेव्हा अन्याय मोठ्या वाड्यावर झाला होता, हे आज सांगूनही कोणाला खरे वाटत नाही. पुढच्याच वर्षी संघ बत्तीस झाले आणि एका कॉन्फरन्समधून दुसऱ्यालाही पान वाढले जाऊ लागले. १९८० मध्ये ती मर्यादाही उठली. २०११ मध्ये बिग ईस्टच्या सोळा संघांपैकी अकरा आत होते. त्यांतला कनेटिकट साखळीत नववा आलेला, तोच शेवटी राष्ट्रीय विजेता. म्हणजे नवव्याला पान वाढणाऱ्याचे चुकले होते असेही म्हणता येत नाही. वाद नेमका इथेच अवघड होतो.

घरटी एकाची रीत अजून आहे. कॉन्फरन्स आठ संघांची असो, आयव्ही लीगसारखी, की अठरा संघांची असो, बिग टेनसारखी (दहा हा आकडा आता नावापुरताच उरला आहे), हक्काचे पान एकच. डोकी मोजली तर लहान कॉन्फरन्सला ते स्वस्तच पडते. आठांत एक आणि अठरांत एक यांत पुष्कळ फरक आहे. २०२४ मध्ये अशी हक्काची पाने बत्तीस होती आणि उरलेली छत्तीस समितीच्या मर्जीची. पण व्हॅलीतल्या संघाला त्या हक्काच्या पानावाचून दुसरे दार जवळजवळ नसते. सेंट लुइसला साखळीनंतरच्या कॉन्फरन्स स्पर्धेत, जिच्या विजेत्याला ते पान मिळते, दहा मार्चच्या अंतिम सामन्यात ड्रेकने इंडियाना स्टेटला ८४-८० असे हरवले आणि चार महिन्यांचा संसार चाळीस मिनिटांत आवरला गेला. पुढचा आठवडाभर दुसऱ्यांच्या सामन्यांकडे डोळे लावून बसायचे. जो संघ मर्जीच्या पानावर बसला नसता, तो आपल्या कॉन्फरन्सची स्पर्धा अचानक जिंकला की मर्जीचे एक पान कमी होते. इथे त्याला बिड पळवणे म्हणतात. सतरा जिंकून चौदा हरलेला नॉर्थ कॅरोलायना स्टेट वॉशिंग्टनमध्ये पाच दिवसांत पाच सामने जिंकला. शेजाऱ्यांनी शनिवारी रात्री त्या सामन्याच्या वेळी दूरदर्शनचा आवाज बंद केला होता. आवाज बंद केला तरी चेंडू जाळीत पडायचा तो पडतच होता.

हे सगळे मी वर्तुळे काढून सांगत असताना त्यांनी मला मध्येच अडवले. “म्हणजे आकार मोठा असला की झालं?” नाही, तसेही नाही. मोठ्या घरात कमावणारे जास्त असतील तर ते घर, नाहीतर नुसती खाणारी तोंडे. तळाला सहासात दुबळे संघ असले की त्यांच्यावरचा विजय मोजलाच जात नाही आणि त्यांच्याकडून झालेला पराभव मात्र कपाळावर गोंदला जातो. त्याच वर्षी माउंटन वेस्टच्या अकरा संघांतून सहा आत गेले, आणि तेवढ्याच अकरा संघांच्या बिग ईस्टमधून तीनच. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, अटलांटिक कोस्टमध्ये अठरा संघ होते. स्टॅनफर्ड आणि कॅल या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांना आत घेतल्यामुळे त्या अटलांटिक किनाऱ्याचे एक टोक आता पॅसिफिकवर आहे. एवढा पसारा मांडूनही त्यांचे चारच आत गेले, कारण डिसेंबरात साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी, हिच्याशी ठरवून खेळलेल्या सोळा सामन्यांपैकी ते चौदा हरले होते. हौद तेव्हाच आटला होता. उलट एसईसीचा काठोकाठ भरला. तिथे साखळीत सहा जिंकून बारा हरलेल्यांनाही आमंत्रणे गेली. सोळांपैकी चौदा आत, आजवर कोणत्याही कॉन्फरन्सला मिळाली नव्हती इतकी. बाहेर राहिले ते दोनच, साउथ कॅरोलायना आणि एलएसयू. चूलबंद म्हणायला काहीच हरकत नाही. दोन जण घर राखायला मागे राहिले.

आणि ते चौदा खोटे ठरले असते तर मला निदान रागवता तरी आले असते. पण त्यांतले सात शेवटच्या सोळांत होते, चार शेवटच्या आठांत, आणि फ्लोरिडा ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून विजेता झाला. शेवटच्या सोळांत चारच कॉन्फरन्सचे संघ होते. २०२३ मध्ये मोठ्या कॉन्फरन्सबाहेरचे फ्लोरिडा अटलांटिक आणि सॅन डिएगो स्टेट शेवटच्या चारांत खेळले होते, त्याला दोनच वर्षे झाली होती.

व्हॅली नेहमीच अशी दारोदार फिरत नव्हती. २००६ मध्ये तिचे चार संघ आत होते आणि त्यांतले विचिता स्टेट आणि ब्रॅडली शेवटच्या सोळांपर्यंत गेले. मात्र त्याच वर्षी मिझुरी स्टेट तेव्हाच्या आरपीआय नावाच्या क्रमवारीत एकविसावा असूनही बाहेर राहिला. म्हणजे २०२४ चा अनुभव त्या अंगणाला नवा नव्हता. मग एकेक कमावता मुलगा वेगळा निघाला. क्रेटन २०१३ मध्ये बिग ईस्टला गेला, विचिता स्टेट २०१७ मध्ये अमेरिकन कॉन्फरन्सला, आणि २०१८ मध्ये शेवटच्या चारांत खेळून आलेला शिकागोचा लोयोला २०२२ मध्ये अटलांटिक टेनला. त्यांना दोष तरी काय द्यायचा? स्पर्धेत खेळलेल्या प्रत्येक सामन्याचा हिस्सा, अंतिम सामना सोडून, त्या कॉन्फरन्सला सहा वर्षे मिळत राहतो आणि तो एकूण वीस लाख डॉलरच्या आसपास जातो. जास्त संघ आत म्हणजे जास्त हिस्से, जास्त हिस्से म्हणजे बरे प्रशिक्षक, बरे खेळाडू, आणि पुढच्या नोव्हेंबरात हौदाला जाडसर धार. घर मोडते ते भांडणाने मोडते असे आपण म्हणतो, पण अनेकदा ते शहाणपणाने मोडते.

मंगळवारी रात्री आम्ही ओहायोतल्या डेटनमधला सामना बघितला. मर्जीच्या पानांवर शेवटी बसलेल्या चार संघांना तिथे आधी आपापसांत खेळावे लागते. व्हर्जिनिया त्यांत होता. अटलांटिक कोस्टमध्ये तिसरा आलेला, पण नेट क्रमवारीत पन्नाशीच्या पलीकडचा. समोर माउंटन वेस्टचा कोलोरॅडो स्टेट. पूर्वार्धात व्हर्जिनियाचे गुण झाले चौदा. वीस मिनिटांत चौदा. चेंडू कड्यावर आपटायचा, एकदा आत जाईन की बाहेर असा विचार केल्यासारखा घुटमळायचा आणि बाहेर यायचा; काही वेळाने तर प्रेक्षकांतूनही हुंकार येईनासा झाला. सामना ६७-४२ असा संपला. मला वाटले होते शेजारी खूश होतील. ते पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकून बघत होते आणि मधूनच म्हणाले, “ही पण पोरंच आहेत.” मी मात्र आतून खूश होतो आणि त्याची मला जराशी लाजही वाटली. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही, हे ज्याने जगाला सांगायचे तोच मी.

इंडियाना स्टेटला नाकारलेल्यांची स्पर्धा म्हणून ओळखली जाणारी एनआयटी मिळाली. माझ्या दिवसांत अर्धे रिकामे असायचे ते हलमन सेंटर त्या दोन आठवड्यांत पुन्हा भरले. संघाचा मधला खेळाडू रॉबी अव्हिला, दणकट बांध्याचा आणि खेळताना डोळ्यांवर जाड पट्ट्याचा चष्मा. प्रेक्षकांतली लहान मुले तसलेच चष्मे लावून आलेली. एसएमयू, मिनेसोटा, सिनसिनाटी. एकेक मोठे नाव टेरे होटला येऊन हरून गेले, आणि मला राहून राहून वाटत होते की हेच नोव्हेंबरात आले असते तर. उपांत्य फेरीत युटाला हरवून चार एप्रिलला अंतिम सामना इथेच, इंडियानापोलिसच्या हिंकल फील्डहाउसमध्ये. १९२८ ची इमारत. वरच्या खिडक्यांतून संध्याकाळचा तिरपा उजेड लाकडी फरशीवर पडतो आणि तेवढ्यापुरते ते मैदान एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकासारखे दिसते. समोर सीटन हॉल. बिग ईस्टमध्ये तेरा जिंकून सात हरलेला, चौथा आलेला, आणि तरीही बाहेर ठेवलेला. मोठ्या घरचा नाकारलेला आणि लहान घरचा नाकारलेला. सीटन हॉल ७९-७७ असा जिंकला. परतताना गाडीत शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “याला चांगला पराभव म्हणतात का?” मी म्हटले, “एप्रिलमध्ये नाही म्हणत.”

त्या वसंतात संघ पांगला. प्रशिक्षक सेंट लुइस विद्यापीठाला गेले, अव्हिला त्यांच्यामागून गेला. सामना सुरू करणाऱ्या पाचांतला रायन कॉनवेल झेवियरला, जुलियन लॅरी आणि जेसन केंट टेक्सासला. आता खेळाडूंना एका वर्षात घर बदलता येते, आणि कोणत्या घरात खिडकी मोठी आहे हे वीस वर्षांच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही. शेजाऱ्यांनी निळा स्वेटशर्ट कपाटात वरच्या फळीवर ठेवला असे त्यांच्या बायकोकडून कळले.

१९ मार्च २०२५, बुधवार. पुन्हा डेटन, पुन्हा मर्जीच्या शेवटच्या पानांवर बसलेले दोन संघ. एक टेक्सास, एसईसीच्या साखळीत सहा जिंकून बारा हरलेला. दुसरा बिग ईस्टचा झेवियर. मी चहा घेऊन शेजारी गेलो तेव्हा सामना सुरू झालेला होता आणि ते खुर्ची दूरदर्शनच्या अगदी जवळ ओढून बसले होते. थोडा वेळ मला उलगडाच होईना. कॉनवेलकडे चेंडू आला की ते पुढे सरकायचे. दुसऱ्या बाजूला लॅरी किंवा केंट दिसला की पुन्हा तेवढेच पुढे सरकायचे. अठ्ठावीस सामने जिंकून ज्या दाराबाहेर ठेवले गेले होते, त्याच दारातून वर्षभराने पाचांतले तीन जण आत आले होते. दोघे एका बाजूने, एक दुसऱ्या बाजूने. झेवियरने पिछाडी भरून काढायला सुरुवात केली तसा स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने आवाज दिला, “कोण जिंकतंय?”

“आपलीच पोरं,” ते म्हणाले.

“आणि हरतंय कोण?”

त्यांनी चहाचा कप माझ्या हातातून घेतला, पडद्यावरची नजर न काढता एक घोट घेतला. “तीही आपलीच.”